बाक

वाळवीला लोखंड पचत नाही, हे मला २०२५ च्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कळलं. त्या वेळी मी माळ्यावर गुडघे टेकून बसलो होतो. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात लाल मखमलीचा लांबच लांब रिकामा पायमोजा. तो पायमोजा म्हणजे आमच्या घराण्याच्या तलवारीचं म्यान. आतलं लाकूड वाळवीनं चवीनं खाल्लं होतं, वरची मखमल तेवढी टाकून दिली होती. तलवार शेजारी उघडी पडली होती. तिच्या पात्यावर मातीची बारीक नळी चढत गेली होती आणि अर्ध्यावर थांबली होती. हे काही जेवण नव्हे, हे बहुधा तिथवर आल्यावर वाळवीच्या लक्षात आलं असावं.

आमची तलवार हा बोलण्याचा विषय आहे, बघण्याचा नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती म्यानासकट खाली येते, झेंडूचा हार आणि हळदकुंकू घेते आणि पुन्हा माळ्यावर जाते. ती म्यानातून कोणी उपसल्याचं मला आठवत नाही. आत तलवार आहे, हे आम्ही देवासारखंच मानून चाललो होतो.

आमचे पणजोबा रिसाल्यात होते. परगावच्या वाचकासाठी सांगतो, निजामाच्या काळात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणी गेली, नावं राहिली. आजही गावात पलटन आहे, तोफखाना आहे, रिसाला बाजार आहे, झालंच तर पेन्शनपुराही आहे. दोन हिंगोलीकर एकमेकांना पत्ता सांगत असले तर नवख्याला वाटावं, उद्या पहाटे हल्ला आहे. 'पणजोबा रिसाल्यात होते' हे वाक्य मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं, छाती थोडी पुढं काढून, मुलांना ऐकवलं. मग एका लग्नात वसमतच्या आत्यानं भर पंगतीत वाढपी थांबवून खुलासा केला.

"रिसाल्यातच व्हते की. घोड्याला हरभरा इकायचे तिथं."

तलवार म्हणे कुणीतरी गहाण ठेवली होती आणि सोडवायला आलाच नाही. मी तेव्हा जिलबी मागून घेतली आणि विषय तिथंच गिळला.

एरवी तो पायमोजा मी गुपचूप परत माळ्यावर ठेवला असता. पण त्याच वर्षी राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. दुसऱ्याच दिवशी जिंतूरच्या काकांचा फोन. "आपली केवढ्याला जाईल रे?" मी म्हटलं, काका, आपले पणजोबा सेनासाहेबसुभा नव्हते. "ते लिलाववाल्याला कोण सांगायलंय? म्यान आहे ना जागेवर? म्यान असलं की भाव चढतो. दसऱ्याला येतोच आम्ही सगळे."

भावाचं माहीत नाही, पण आवरणाला वजन असतं हे काकांचं बरोबर होतं. २०२४ च्या जुलैत लंडनहून साताऱ्याला वाघनखं आली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो होतो. ती शिवाजी महाराजांची असल्याचं सांगतं कोण? तर त्यांच्यासोबतची पेटी. पेटीवर तसं लिहिलेलं आहे. लंडनचं संग्रहालय स्वतः सांगतं की याची खातरजमा करता आलेली नाही. त्यात पेटीनं अफजलखानाला मोगल सरदार करून टाकलंय, आणि खान तर विजापूरचा. माझ्या वर्गात असती तर मी पेटीला बाकावर उभी केली असती. पण ती पेटी नसती तर नुसत्या नखांना कोणी ओळख दिली असती का? आमच्या पायमोज्याकडे बघून मला हे फार जाणवलं.

आता, 'दसऱ्याला येतो' याचा हिंगोलीतला अर्थ वेगळा आहे. इथला दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा. रामलीला मैदानावर प्रदर्शन, आकाशपाळणे, रावण. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात आणि त्यातली ज्यांचे पाहुणे हिंगोलीत आहेत ती चार दिवस आधीच येतात. म्हणजे माझ्याकडे जेमतेम आठवडा होता.

खरं तर आवरणं आणि मी यांचं पहिल्यापासूनच वाकडं आहे.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. ती अक्षता पडेपर्यंत सोडायची नाही. टोकाला लिंबू खोचलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून. दृष्टीचं मला समजत नाही, पण हे लिंबू ज्यानं शोधलं तो माणूस व्यवहाराचा पक्का असणार. दोन रात्री न झोपलेल्या, भेदरलेल्या पोराच्या हातात धारदार हत्यार द्यायचं आणि त्याला चारशे माणसांच्या गर्दीत सोडायचं, तर टोकाला काहीतरी हवंच. लिंबू म्हणजे टोकापुरतं म्यान. कोणत्याही गावात मिळतं, कोणत्याही मापाला बसतं, शिंप्याकडे जावं लागत नाही की सुताराकडे. आंबटानं टोक काळं पडतं, एवढाच काय तो दोष.

माझं लग्न आखाडा बाळापूरला, मे महिन्यात. जीपमध्ये मला डुलकी लागली. माझ्या एका मामांना (एवढी ओळख पुरे) उन्हानं गरगरायला लागलं होतं. त्यांनी कुणाकडून तरी साखर-मीठ मिळवलं, तांब्या मिळवला आणि लिंबू समोरच होतं. मी जागा झालो तेव्हा मामा ताजेतवाने दिसत होते आणि माझी कट्यार हलकी झाली होती. नवीन लिंबू आणायला मुलगा पळाला, तो अजून आलेला नाही.

शेवटच्या मंगलाष्टकाला मागून रेटा आला. मी सावरायला हात पुढं केला. टर्र! अंतरपाटाला दोन बोटं भोक. गुरुजी अनुभवी होते, त्यांनी फक्त वेग वाढवला. पण त्या भोकातून पलीकडचा एक डोळा मला दिसला आणि तो हसत होता. मुहूर्त अजून तीन मिनिटं लांब होता. पत्रिकेत छापलेल्या वेळेआधी झालेल्या त्या नजरेवरच पुढचं सगळं गेलं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. फाटका अंतरपाट दुसऱ्या लग्नाला चालेना, म्हणून सासूबाईंनी घडी घालून तो हिच्या ट्रंकेत टाकला. तेव्हापासून घरात मी सुरी जरी हातात घेतली तरी ही विचारते, "लिंबू लावू का?"

तर तलवार खाली आणली. हिनं ती उलटीपालटी करून बघितली. हिचं माहेर हळदीच्या रानातलं. निंदायला जाताना विळ्याला चिंधी गुंडाळायची आणि भाकरीच्या टोपल्यात खोचायचा, हे तिला लहानपणापासून माहीत. म्हणाली, "द्या, जुनं धडपं गुंडाळून देते."

"अगं, तो काय विळा आहे?"

"नाही. विळ्याला धार असती."

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. मी नवं म्यान करायचं ठरवलं.

म्यान करणारा माणूस हिंगोलीत कुठं शोधणार? जवळचं म्हणाल तर नांदेड. सचखंड गुरुद्वाराच्या आसपासच्या दुकानांत कृपाणी, तलवारी, म्यानं यांची रांग लागलेली असते. पण तलवार न्यायची कशी? कळमनुरीचा भाचा वकील आहे. त्याला फोन केला.

"मामा, पातं किती?"

"तीस इंच."

"नऊ इंचांच्या पुढं शस्त्र. रुंदी दोन इंचांच्या पुढं गेली तरी शस्त्र. घरकामाचं, शेतीचं असलं तर सूट. १९५९ चा कायदा आहे."

"म्यानात घालून नेली तर?"

"मामा, बिबट्याला स्वेटर घातला म्हणून कोणी त्याला दूध पाजत नाही. आणि तलवार घरी आहे, हे मी ऐकलेलं नाही."

शिवाय म्यानात घालून कशी नेणार? म्यान करायलाच तर न्यायची होती. शेवटी मी सुतळी काढली. तलवारीच्या पाठीवरून अगदी काळजीपूर्वक फिरवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, रुंदीची तिसरी गाठ मारली आणि हिंगोली डेक्कन स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. (महाराष्ट्रात १ मे १९९९ ला आमचा जिल्हा झाला, पण रेल्वेनं आम्हाला अजून दख्खनमध्येच ठेवलंय.) वसमत, पूर्णा करत गाडी नांदेडला पोचली. सबंध प्रवासात मी खिशातल्या सुतळीवर हात ठेवून होतो, जणू तिच्यासाठीही परवाना लागतो.

ज्या गावी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या गावात तलवारीचा बाऊ कोणी करत नाही. दुकानात बोटभर कृपाणीपासून माणसाच्या छातीला लागेल अशा तलवारीपर्यंत सगळं होतं. शीख माणूस कृपाण गातऱ्यात अडकवून खांद्यावरून घालतो, आणि तिला संविधानाच्या २५ व्या कलमातच जागा आहे. माझ्या सुतळीला कोणत्याच कलमात नव्हती. दुकानदार सरदारजी अस्सल नांदेडी मराठीत म्हणाले, "बोला मास्तर."

मास्तर हे कपाळावर लिहिलेलं असतं का, हा वेगळा विषय.

"म्यान पाहिजे."

"तलवार?"

"घरी आहे. माप आणलंय."

त्यांनी सुतळी घेतली, एका टोकाला धरून वर उचलली. सुतळी सरळ खाली लोंबकळली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"याच्यात बाक कुठंय?"

एकतीस वर्षं मी बाकांसमोर उभा राहिलो. त्या दिवशी एक बाक मला सांगता येईना.

सरदारजींनी चहा मागवला आणि मला बसवून शिकवलं. म्यानात दोन फाका असतात. पात्याची पाठ जशी वळत जाते तशी प्रत्येक फाक आतून कोरायची, मग दोन्ही जोडायच्या आणि वर कापड नाहीतर चामडं चढवायचं. तोंडाला मुहनाळ, टोकाला तहनाळ. घट्ट झालं तर तलवार अडकते. सैल झालं तर आत खुळखुळते, आणि म्यान उलटं धरलं की सरळ पायावर येते. नुसतं चामड्याचं करून तलवार त्यात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं, पातं गंजतं. दुकानातल्या म्यानांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे सगळे लग्न झालेले आहेत मास्तर. याचं त्याला होत नाही. कागदावर तलवार ठेवा, पेन्सिल फिरवा आणि तो कागद घेऊन या."

रिकाम्या हातानं कसं उठायचं म्हणून मी किल्ल्यांना लावायची दोन इंची तलवार घेतली. तिला म्यान होतं. निघतही होतं, बसतही होतं.

आता सुज्ञ माणूस घरी जाऊन कागद पसरेल. पण मी भूगोल शिकवलेला माणूस. फळ्यावर, पुस्तकात न बघता, खडू न उचलता मी भारताचा नकाशा काढत असे. कच्छच्या आखातापासून निघून कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत एका दमात. पोरं टाळ्या वाजवायची. श्रीलंका दर वेळी वेगळ्या जागी पडायची, पण बेटांचं एवढं मनावर घेऊ नये. अशा हाताला कागद-पेन्सिल म्हणजे अपमान. आणि एका म्यानासाठी पुन्हा नांदेडला जायचं तरी कशाला, गावात सुतार असताना? मी आमच्या ओळखीच्या सुताराकडे गेलो. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, जाडीसुद्धा सांगितली.

"वाकडं किती ठिवू गुरुजी?"

मी हात वर केला, डोळे किंचित मिटले आणि हवेत काढून दाखवलं. "असं."

या 'असं'मध्ये घोटाळा झाला. तो बाक एकट्या तलवारीचा नव्हता. त्यात रिसाला होता, पणजोबा होते, हरभऱ्याचा खुलासा होता आणि जिंतूरच्या काकांचे सत्तेचाळीस लाखही थोडे होतेच. हात वळला तो वळतच गेला. सुतारानं बिचाऱ्यानं मी दाखवलं तेच केलं. "सागवान टाकलंय गुरुजी, जल्माला पुरंल." म्यान एका हातानं उचलेना. ही दारातच म्हणाली, "अगं बाई, अर्धापूरचं केळं!"

खंडेनवमीच्या आदल्या रात्री काकांची फौज झोपल्यावर मी स्वयंपाकघरात तलवारीला म्यान घालायला बसलो. एक वीतभर ती सुरळीत गेली. मग पातं एका बाजूला आणि लाकूड दुसऱ्या बाजूला निघालं. मी पात्याला मेणबत्ती घासली. आणखी चार बोटं. मग मुठीवर जुनं पांघरूण ठेवून वरवंट्यानं हलके ठोके दिले. ती पार मुठीपर्यंत आत गेली. आणि मग ती अडकली.  काही केल्या मागं येईना. मी म्यान पायात धरून ओढलं, दाराच्या फटीत अडकवून ओढलं, शेवटी विनवण्या केल्या.

पहाटे मला एक जुनं दृश्य आठवलं. लहानपणी आमच्या गल्लीत लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा. लोखंडी धाव लालबुंद तापवायची, ती फुगते, चाकावर सहज बसते. उष्णतेनं लोखंड प्रसरण पावतं! मुलीच्या खोलीतून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि म्यानाच्या तोंडाशी, मुठीच्या अगदी लगत, अर्धा तास गरम हवा सोडली. धाव चाकाच्या बाहेर असते आणि तलवार म्यानाच्या आत, हा बारीक फरक मला दुपारी कळला. विज्ञानाचे मास्तर माझ्या शेजारच्या वर्गात होते, मी कधी कान दिला नाही.

सकाळी पाट मांडला. विळी, विळा, सुरी, कात्री, मुलाचा लॅपटॉप, आणि मधोमध चादरीखाली झाकलेलं आमचं घराणं. बाहेर मोटारसायकलला हार घातला होता. भावकी गोल करून बसली. काकांनी चष्मा पुसला.

"नुसतं हळदकुंकू नको. काढ बाहेर. पातं बघू दे."

"काका, शस्त्र उगीच उपसू नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

कोणी म्हणत नव्हतं. मी चादर काढली, उभा राहिलो, उजवा पाय म्यानावर रोवला, दोन्ही हातांनी मूठ धरली, कुलदैवताचं नाव घेतलं आणि सगळा जीव लावून उपसली.

तलवार उपसल्याचा आवाज सिनेमात 'सर्रर्र' असा येतो. आमचा 'पुच्' असा आला, पाकातून गुलाबजाम काढल्यासारखा. मी मागच्या मागं फराळाच्या डब्यावर बसलो. हात जोरात वर गेला होता, तो तसाच राहिला. हातात मूठ होती. मुठीखाली काही नव्हतं. तपकिरी चिकट तार तेवढी लोंबत होती.

तेव्हा कळलं की आपल्या जुन्या तलवारींत पात्याचा शेपटा मुठीत आखूडच असतो, आणि तो पोकळीत लाख ओतून बसवलेला असतो. शे-दोनशे वर्षं टिकते ती लाख. फक्त तापवायची नाही.

"पातं कुठंय रे?" काका म्हणाले.

काकांना सत्तेचाळीस लाखांची आशा होती. निघाली ती एकच लाख, आणि तीही वितळलेली.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात. आत्या इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पोरांनी मूठ कानाला लावून फोन फोन खेळायला घेतला. काकांनी प्रदर्शन बघायला जायची घाई केली. ही उठली, म्यान उभं आपटून जोड बघितला, हातोडीचा एकच ठोका दिला आणि सागवानाच्या दोन फाका शेंगेसारख्या उलगडल्या. आत ती पडली होती. काळपट, साधी, मी हवेत दाखवलेल्या बाकाच्या निम्मीही वाकलेली नाही. घोड्याला हरभरा घेणाऱ्या कोणा माणसाची असेल, तशी.

हिनं शिलाई मशीनचं तेल चिंधीवर घेऊन पातं पुसलं. मग आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा हातात एक पिवळट सुती कापड होतं, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक फिकट झालं होतं. मी काही बोललो नाही. तिनं पात्याला ते सरळ, घट्ट, विळ्याला गुंडाळावं तसं गुंडाळत आणलं. शेवटच्या वेढ्याला टोक नेमकं दोन बोटांच्या भोकातून बाहेर आलं.

तिनं स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, त्यावर खोचलं आणि पाटावर ठेवलं.

"मामांना म्हणावं, आता सरबत करू नका."